चाबकापासून शिट्टीपर्यंत

‘शिकवलेला प्राणी’ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सर्कस उभी राहते. जळत्या कड्यातून उडी मारणारा वाघ, स्टुलावर बसलेला सिंह, सायकल चालवणारे अस्वल. आज पंचविशीच्या आत असलेल्या वाचकांनी हे दृश्य आपल्या देशात पाहिलेले नसणार. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर १९९८ मध्ये बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बंदी योग्यच होती. पण तिच्याबरोबर एक समजूतही पक्की होऊन बसली, ती म्हणजे प्राण्याला काही शिकवणे म्हणजे त्याचा छळ करणे.

गंमत अशी की आपल्याकडे वाघ-सिंह तंबूतून बाहेर पडत होते त्याच सुमारास जगातल्या चांगल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांना शिकवण्याचे काम जोरात सुरू झाले होते. तेथे प्रेक्षकांचा काही संबंध नव्हता. माकडाने स्वतःहून दंड पुढे करावा, हत्तीने पाऊल उचलून गजांबाहेर ठेवावे, हरिणाने आपल्या पायांनी चालत पेटीत जाऊन उभे राहावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. त्यातून डॉक्टरांची सोय झालीच, पण त्याहून जास्त सोय प्राण्यांची झाली. ती कशी, आणि हा बदल घडायला शंभर वर्षे का लागली, हे आपण पाहणार आहोत.

शिक्षकांना यात रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. डी.एड. किंवा बी.एड. करताना थॉर्नडाइकचे मांजर, पावलोव्हचा कुत्रा आणि स्किनरची पेटी आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. परीक्षा संपली की मांजर, कुत्रा आणि पेटी तिघेही वहीत राहतात. त्या पेटीतले ज्ञान पुढे कुठे कुठे गेले, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

तंबूतले दिवस

मराठीत या कामासाठी तीन वेगवेगळे शब्द आहेत. रानातला प्राणी आपण ‘माणसाळवतो’, द्वाड बैलाला ‘वठणीवर आणतो’ आणि पोपटाला बोलायला ‘शिकवतो’. जुन्या काळच्या प्राणिशिक्षणात या तिन्ही गोष्टींची सरमिसळ होती आणि वठणीवर आणण्याचा भाग मोठा होता. प्राण्याने काय करावे यापेक्षा त्याने कुणाला घाबरावे, हे आधी ठरत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हँबुर्गचे कार्ल हागेनबेक यांनी याला पहिला मोठा धक्का दिला. जगभर जंगली प्राण्यांचा व्यापार करणारा हा माणूस. त्याला संत समजण्याचे कारण नाही. पण तापलेल्या सळ्या आणि चाबूक यांच्या जोरावर शिकवलेला सिंह बिथरलेला राहतो, लवकर बिघडतो आणि म्हणून तोट्याचा ठरतो, हे त्याने ओळखले. त्याने स्वभाव पाहून प्राणी निवडायला आणि मांसाचा तुकडा बक्षीस देऊन शिकवायला सुरुवात केली. या पद्धतीचे युरोपात नाव झाले.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे मुळात घोडे शिकवणारे होते. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे (१९०२–१९७३) तर वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून जगभर गाजले. फ्रेंच रिंगमास्टर आल्फ्रेड कूर यांच्याबरोबर त्यांनी युरोपात काम केले आणि १९४० पासून ते अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत होते. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे त्यांचे पुस्तक जुन्या शाळांच्या ग्रंथालयांत अजून सापडेल. धोत्र्यांसारख्या माणसाला प्राण्याच्या कानाची हालचाल आणि शेपटीचा झटका वाचता येत असे. पण ते ज्ञान हाताबरोबर आणि नजरेबरोबर जाणारे होते. एकाचे पाहून दुसरा शिके. ते का चालते, हे कुणी सांगू शकत नव्हते.

पेटीतून बाहेर

‘का’ या प्रश्नाला पहिले मोजता येण्यासारखे उत्तर १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दिले. भुकेल्या मांजराला पेटीत कोंडायचे, बाहेर अन्न ठेवायचे आणि कडी उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचे. वेळ हळूहळू कमी होत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा होते, हा ‘परिणामाचा नियम’ आपल्याला ठाऊक आहेच. बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात उंदीर आणि पेटी घेऊन या नियमाचे बारीक बारीक तपशील काढले. त्याला आपण पुस्तकी मराठीत साधक अभिसंधान म्हणतो. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे : प्राणी आधी काहीतरी करतो, त्यावर जग काहीतरी देते, आणि त्यावरून पुढच्या वेळी काय करायचे ते प्राणी ठरवतो.

यातला खरा कलाटणीचा प्रसंग मात्र पेटीबाहेर घडला. दुसरे महायुद्ध चालू होते. स्किनर आणि त्यांचे सहकारी मिनिआपोलिसमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर कबुतरांना बाँब लक्ष्याकडे नेण्याचे शिक्षण देत होते! (सैन्याने ही योजना १९४४ मध्ये गुंडाळली.) १९४३ साली एके दिवशी रिकामा वेळ होता, म्हणून त्यांनी एका कबुतराला चोचीने चेंडू ढकलायला शिकवायचे ठरवले. कबुतर चेंडूला टोला मारील तेव्हा दाणे द्यायचे म्हणून ते बसून राहिले. कबुतराने टोला काही मारला नाही. कंटाळून त्यांनी ठरवले की चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणे द्यायचे. मग चेंडूकडे सरकले तर, मग चोच लागली तर. काही मिनिटांत कबुतर चेंडू टोलवू लागले. पूर्ण कृतीची वाट पाहत न बसता तिच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक लहान पावलाला बक्षीस द्यायचे, ही ती युक्ती. आज सगळे प्राणिशिक्षण या एका युक्तीवर उभे आहे.

त्या गिरणीत काम करणाऱ्यांपैकी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या तरुण जोडप्याने विद्यापीठ सोडून याच शास्त्रावर धंदा काढला. कोंबड्या, डुकरे, ससे, बदके, जे मिळेल ते शिकवायचे आणि जाहिराती व जत्रांसाठी पुरवायचे. १९६१ पर्यंत त्यांनी ३८ जातींच्या ६,००० हून अधिक प्राण्यांना शिकवले होते. प्रयोगशाळेत उंदीर आणि कबूतर यांच्यापलीकडे कुणी जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्याच वर्षी त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी आपल्या यशाऐवजी आपल्या फजितीची हकीकत सांगितली. एका रॅकूनला नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवायचे होते. एक नाणे तो टाकी, तेही जरा जिवावर येऊन. दोन नाणी दिली की तो ती टाकीच ना. दोन्ही हातांत धरून एकमेकांवर घासत बसे, डब्यात बुडवी, पुन्हा बाहेर काढी. घासल्याने खाऊ मिळत नव्हता, उलट हातचा जात होता, तरी घासणे वाढतच गेले. डुकराची तीच गत. लाकडी नाणे उचलून नेता नेता ते मध्येच टाकून नाकाने उकरू लागे. रॅकून रानात पाण्यातले खेकड्यासारखे भक्ष्य चाचपून, चोळून खातो. डुक्कर जमीन उकरते. नाण्याचा अन्नाशी संबंध जुळला आणि पूर्वजांची सवय वर आली. प्राणी म्हणजे कोरी पाटी नव्हे, हे स्किनरच्याच शिष्यांनी त्यांना दाखवून दिले. मला विचाराल तर बी.एड.च्या पुस्तकात स्किनरच्या पेटीखाली या रॅकूनचे चित्र छापायला हवे.

जिथे लगाम चालत नाही

आता एक साधा प्रश्न. बक्षिसाने शिकवता येते हे १९४० च्या दशकात कळले होते. तरी घोडा, कुत्रा आणि हत्ती यांना शिकवणाऱ्यांनी आपली पद्धत का बदलली नाही? कारण त्यांना गरज नव्हती. घोड्याला लगाम होता, कुत्र्याला पट्टा होता, हत्तीला साखळी होती. जोर चालतो तिथे युक्ती सुचत नाही.

डॉल्फिनला मात्र लगाम घालता येत नाही. त्याला मारायला जावे तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो आणि रागावला तर दिवसभर येतच नाही. त्यामुळे डॉल्फिन शिकवणाऱ्याच्या हातात शिट्टी आणि माशांची बादली एवढेच उरते. १९५० च्या दशकात ब्रेलंड यांनी फ्लॉरिडाच्या मरीनलँडमध्ये डॉल्फिनच्या शिक्षणाला शास्त्रीय वळण लावले. १९६३ साली हवाईतल्या सी लाइफ पार्कच्या तयारीत केरन प्रायर यांच्या हाती ब्रेलंड परंपरेतले एक टिपण पडले. त्यांना तोवर कुत्रे आणि तट्टे शिकवण्याचा अनुभव होता, डॉल्फिनचा अजिबात नव्हता. त्या टिपणावरून त्या शिकल्या आणि पुढे या विषयातल्या सर्वांत स्पष्ट लिहिणाऱ्या लेखिका झाल्या.

शिट्टीचे काम काय, हे समजून घेण्यासारखे आहे. डॉल्फिनने उडी मारली की मासा त्याच्या तोंडात पडायला काही सेकंद जातात. तोवर तो खाली आलेला असतो, वळलेला असतो, काठाकडे निघालेला असतो. मग मासा कशाबद्दल मिळाला? उडी सर्वांत उंच असतानाच शिट्टी वाजली, तर ‘हे, अगदी हेच’ असा निरोप त्याला मिळतो आणि मासा मागून आला तरी चालतो. शिट्टी म्हणजे कृती आणि बक्षीस यांच्यामधला पूल. पंधरा दिवसांनी तपासून परत आलेल्या वहीतली बरोबरची खूण कोणत्या विचाराबद्दल मिळाली, हे आपल्या विद्यार्थ्यालाही बहुधा उमगत नाही.

वर्गात हे करून पाहायला काही लागत नाही. प्रायर यांच्या पुस्तकात हा खेळ दिला आहे. एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवावे. उरलेल्यांनी त्याने काय करायचे ते ठरवावे, समजा फळ्याजवळ जाऊन डस्टर उचलायचा. मग तो आत येऊन मनाला येईल तसा फिरेल. शिकवणाऱ्याने बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. योग्य दिशेने काही झाले की एक टाळी, एवढेच. पहिल्या वेळी टाळी हमखास उशिरा पडते आणि बिचारा विद्यार्थी नको ते करत सुटतो. मग शिकवणाऱ्यालाच बाहेर पाठवावे.

सी लाइफ पार्कमध्ये १९६५ च्या सुमारास मालिया नावाच्या मादी डॉल्फिनच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. प्रेक्षकांना शिकवण्याची रीत दाखवायची म्हणून दर खेळात तिच्या एखाद्या नव्या कृतीलाच बक्षीस द्यायचे, जुनीला नाही, असे ठरले. थोड्याच दिवसांत तिच्या नेहमीच्या कृती संपल्या. मग मालियाने अशा अशा गिरक्या आणि कसरती सुरू केल्या की त्या कुणीच पाहिल्या नव्हत्या. ‘नवे काही कर’ हेच मागणे तिला कळले होते. तोच प्रयोग दुसऱ्या डॉल्फिनवर नीट नोंदी ठेवून केला आणि तो निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला.

त्याच १९६५ साली अमेरिकी नौदलाचा टफी नावाचा डॉल्फिन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उघड्या समुद्रात सुमारे ६० मीटर खोल राहणाऱ्या पाणबुड्यांना हत्यारे आणि टपाल पोचवत होता. भोवती जाळे नव्हते. निघून जायचे तर अख्खा प्रशांत महासागर मोकळा होता, तरी तो परत येई. नौदलाने प्राण्यांना कामाला लावावे का, हा प्रश्न वेगळा. पण शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात काहीतरी असे तयार होते की त्याला साखळी लागत नाही, हे टफीने दाखवले.

रिकामपणाचे दुखणे

इकडे प्राणिसंग्रहालयांत वेगळीच काळजी होती. स्वित्झर्लंडचे हाइनी हेडिगर (१९०८–१९९२) बर्न, बासेल आणि झुरिक या तिन्ही गावांच्या प्राणिसंग्रहालयांचे संचालक होते. त्यांनी १९४० च्या दशकापासून लिहिले की पिंजऱ्यातल्या प्राण्याचे मोठे दुःख जागा कमी असणे एवढेच नाही, त्याला काही काम नसणे हेही आहे. रानात प्राण्याचा सारा दिवस अन्न शोधण्यात आणि शत्रू टाळण्यात जातो. पिंजऱ्यात दोन्ही प्रश्न रखवालदार सोडवतो. उरलेल्या वेळात प्राणी आठच्या आकड्यात येरझारा घालतो, डोलतो, स्वतःचे केस उपटतो. योग्य रीतीने शिकवणे हा त्याच्यासाठी उद्योग आणि व्यायाम ठरू शकतो, असे हेडिगर यांचे म्हणणे होते.

ते पटण्यासारखे एक विचित्र निरीक्षण १९६० च्या दशकात प्रयोगशाळेतून पुढे आले. बशीत फुकट अन्न समोर असतानाही उंदीर दट्ट्या दाबून तेच अन्न मिळवत होते. १९६३ साली हे उंदरांत दिसले आणि १९६९ साली कबुतरांतही. अन्नापेक्षा ‘मी केले आणि मिळाले’ यालाच काही किंमत आहे की काय, असे वाटावे!

हॅल मार्कोविट्झ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ओरेगनच्या पोर्टलंड प्राणिसंग्रहालयात हे गिबन वानरांवर करून पाहिले. दिवा लागला की पिंजऱ्याच्या एका टोकाची कळ दाबायची, मग झोके घेत दुसऱ्या टोकाला जाऊन दुसरी कळ दाबायची, की खाऊ. जमिनीवर बसून राहणारे गिबन हातांनी झुलत हिंडू लागले. यावर टीकाही झाली. कळा आणि दिवे लावून प्राणिसंग्रहालयाची यंत्रशाळा करण्यापेक्षा झाडे लावा, पाणी सोडा, फळे लपवून ठेवा, असे टीकाकारांचे म्हणणे होते. टीकेत तथ्य होते आणि पुढची प्राणिसंग्रहालये बरीचशी त्या वाटेने गेली. पण आजारी गिबनचे रक्त कसे काढायचे, याचे उत्तर झाडापाशी नव्हते.

सुईसाठी पुढे केलेला हात

रानटी प्राण्याची तपासणी कशी होत असे, ते पाहू. एक तर चारपाच माणसांनी जाळे टाकून धरायचे, नाहीतर बंदुकीने भुलीची सुई मारायची. दोन्हींत जिवाला धोका. भूल देताना काही प्राणी दगावतात. हरिणांच्या बाबतीत तर नुसत्या पकडापकडीनेच स्नायूंची इतकी नासाडी होते की काही जनावरे नंतर दोनचार दिवसांनी मरतात. म्हणून होई काय, की अगदी गळ्याशी आल्याशिवाय डॉक्टर तपासायलाच जात नसत.

यात आणखी एक शास्त्रीय अडचण होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नसे. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके उसळतात. साखर वाढते, पांढऱ्या पेशींची संख्या बदलते. म्हणजे डॉक्टर जे मोजत होते ते प्राण्याचे नेहमीचे रक्त नव्हतेच. ते भीतीचे रक्त होते.

सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयात लून नावाचा ड्रिल जातीचा नर होता. ड्रिल म्हणजे मँड्रिलचा जवळचा नातेवाईक, मोठाले सुळे असलेले आफ्रिकेतले दणकट माकड. लूनला मधुमेह झाला. मधुमेहाला रोज इन्शुलिन हवे आणि रोज भुलीची बंदूक चालवता येत नाही. वर म्हटल्याप्रमाणे भीतीने साखर चढते, तेव्हा झटापट करून घेतलेल्या रक्तावरून औषधाचे प्रमाण ठरवणेही धोक्याचे. गॅरी प्रीस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लूनला इन्शुलिनची सुई टोचून घ्यायला आणि रक्त काढू द्यायला शिकवले. त्याची हकीकत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली आणि वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. यातली पावले गिरणीतल्या कबुतरासारखीच असतात. आधी गजांजवळ नुसते बसणे. मग हात लावू देणे. मग बोथट काडीचा स्पर्श, मग टोक नसलेली सुई, मग खरी सुई. प्रत्येक पावलाला शिट्टी आणि फळ. आता अनेक प्राणिसंग्रहालयांत माकडे गजांतून बाहेर काढलेल्या नळीत आपण होऊन हात घालतात, टोकाचा दांडा धरतात आणि रक्त निघेपर्यंत स्तब्ध राहतात. कंटाळले तर हात काढून घेतात. त्यांना कुणी अडवत नाही.

डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्याला आणि बोंगो या प्राण्यांवर हेच केले. नीलगाय आणि काळवीट यांच्या कुळातले हे आफ्रिकी प्राणी इतके बुजरे की दार आपटले तरी भिंतीवर धडका घेतील. त्यांना लाकडी पेटीत जाऊन उभे राहायला शिकवण्याआधी दार सरकण्याच्या आवाजाची सवय करण्यातच बरेच दिवस गेले. त्या आवाजाने प्राणी बिथरला असता तर पुढचे सगळे फुकट गेले असते. १९९५ आणि १९९८ मधल्या त्यांच्या निबंधांत दिसते की पेटीत शांत उभ्या असलेल्या या प्राण्यांच्या रक्तातली ताणाची लक्षणे भुलीच्या बंदुकीने पाडलेल्या प्राण्यांपेक्षा पुष्कळच कमी होती. २००६ साली टेक्ससमधल्या चिंपांझींवरच्या अभ्यासातही तेच आढळले. भुलीच्या सुईसाठी स्वतःहून मांडी पुढे करणाऱ्या चिंपांझींच्या रक्तात साखर आणि पांढऱ्या पेशी कमी भरल्या. पूर्वी ‘नेहमीचे’ म्हणून पुस्तकांत छापलेले काही आकडे तपासून पाहावे लागतील, असा याचा अर्थ होतो.

हत्ती आणि गज

हत्तीच्या बाबतीत बदल सर्वांत उशिरा आला आणि आला तो रक्त सांडून. पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांतही हत्तीच्या कोठडीत शिरून, हाती अंकुश घेऊन, ‘कळपाचा म्होरक्या मी’ हे हत्तीला पटवत राहायचे, अशीच रीत होती. १९८८ साली सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात डुंडा नावाच्या हत्तिणीला साखळ्यांनी जखडून दिवसेंदिवस मारहाण झाल्याचे उघडकीस आले. त्यावर कॅलिफोर्नियात कायदा झाला. १९९१ साली त्याच उद्यानात एका रखवालदार तरुणीचा हत्तीने जीव घेतला. त्यानंतर तेथे नवी व्यवस्था आली. हत्ती गजांच्या एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला. हाती अंकुश नाही, एक लांब काठी आणि तिच्या टोकाला चेंडू. चेंडूला कपाळ लावले की शिट्टी आणि फळ. गजांत खिडक्या ठेवलेल्या. त्यांतून हत्ती कान बाहेर काढतो, पाऊल ठेवतो आणि माणूस नखे तासतो, तळव्यातले खडे काढतो. कठीण जमिनीवर उभ्या राहणाऱ्या हत्तींच्या मृत्यूंमागे पायांचे विकार हे एक मोठे कारण आहे, तेव्हा हे काम किरकोळ नव्हे.

हत्तीला वाटले तर तो पाठ फिरवून निघून जातो. त्याला शिक्षा होत नाही, त्या वेळचे फळ तेवढे बुडते. जुन्या माहितगारांना वाटले होते की असा हत्ती कधीच ऐकणार नाही. तो ऐकू लागला. येथेही डॉल्फिनचीच कथा झाली : माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये गज आले, जोर चालेनासा झाला, तेव्हा कुठे शिकवणे सुरू झाले. अमेरिकेच्या प्राणिसंग्रहालय संघटनेने २०११ साली हाच नियम ठरवून आपल्या सदस्यांना २०१४ पर्यंतची मुदत दिली.

शिट्टी आणि फळ म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे मात्र कुणी समजू नये. फ्लॉरिडातल्या सीवर्ल्डमधला टिलिकम हा किलर व्हेल पूर्णपणे शिट्टी-मासा पद्धतीतला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने आपल्या अनुभवी शिक्षिकेला ठार मारले. समुद्रात मैलोन्‌मैल फिरणाऱ्या प्राण्याला टाकीत ठेवले, तर शिकवून टाकी मोठी होत नाही. सीवर्ल्डने २०१६ साली किलर व्हेलची पैदास थांबवली. आपल्या देशाने तर २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे उघडायला मनाई केली, आणि मला ते शहाणपणाचे वाटते. जो प्राणी पिंजऱ्यात नसता तर बरे, त्याला शिकवण्याचे फायदे मोजत बसू नये. जो पिंजऱ्यात आहे आणि आता रानात परत जाऊ शकत नाही, त्याच्यापुरतेच हे सारे आहे.

असे प्राणी आपल्या उपखंडात थोडेथोडके नाहीत. देवळांतले, वनखात्याचे, पर्यटकांना फिरवणारे हत्ती. आपला माहूत आणि त्याची परंपरा जुनी आहे. त्याला हत्ती कळत नाही असे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये. तो गूळ देतो, अंग घासतो, नदीवर नेतो. पण पिल्लाला माणसाळवताना दोर, उपासमार आणि मार यांचाच वापर होत आला, आणि अंकुश हातातून कधी सुटला नाही.

या हत्तींना माणसापासून क्षयाची लागण होते. तपासणीसाठी सोंडेत सुमारे ६० मिलिलिटर मिठाचे पाणी घालायचे, हत्तीने सोंड वर धरायची, मग खाली करून ते पाणी पिशवीत फुंकायचे. वेगवेगळ्या तीन दिवशी असे नमुने घ्यावे लागतात. सोंडेत पाणी ओतू देणे हत्तीला मुळीच आवडत नाही. जबरदस्तीने हे काम होईल, पण नमुना चांगला मिळेलच असे नाही. नेपाळमध्ये एका संशोधक गटाने पाच हत्तिणींना हे केवळ बक्षिसाने शिकवून पाहिले. त्यांचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. गज नव्हते, हत्तिणी जुन्याच पद्धतीने माणसाळवलेल्या होत्या, फक्त शिक्षा वर्ज्य होती. एक पाठ सरासरी १२ मिनिटांचा. चार अल्पवयीन हत्तिणी २५ ते ३५ पाठांत किंवा त्याआधीच सारे शिकल्या. चाचण्यांत सरासरी यशाचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेले. पाचवी हत्तीण त्यांच्यातली एकटीच प्रौढ होती. तिला मात्र ते पुरते जमले नाही.